हिरव्या विजेची पावती कुणाच्या खिशात?

नागऱ्यात तुमच्या डोक्यावर फिरणारा पंखा कोळशावर चालतोय की उन्हावर? खरं सांगायचं तर हे कुणीच सांगू शकणार नाही. आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला 3300 मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प आहे, तिकडे साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतायत. सगळी वीज एकाच ग्रिडमध्ये पडते. विहिरीचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत सोडलं, तर नळाला कुठलं आलं ते कसं ओळखणार?

म्हणून 2010 मध्ये आपल्याकडे एक युक्ती निघाली. वीज वेगळी विकायची आणि तिचा 'हिरवेपणा' वेगळा! या हिरवेपणाच्या कागदाला म्हणतात नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र, बोलीभाषेत आरईसी. सूर्य, वारा वगैरेपासून 1000 युनिट वीज तयार झाली की साधारण एक प्रमाणपत्र. ते विकलं जातं वीज एक्स्चेंजवर, शेअरसारखं.

घेतं कोण? वीज वितरण कंपन्या आणि मोठे कारखाने. त्यांच्या एकूण विजेतला ठरावीक वाटा हिरवा असावाच लागतो. केंद्राने 2024-25 साठी तो 29.91 टक्के ठरवला, 2029-30 साठी 43.33 टक्के. तेवढी हिरवी वीज नसेल, तर प्रमाणपत्रं घेऊन आकडा भरायचा.

आपल्या भाताच्या पट्ट्यासाठी यात एक गंमत आहे. 2022 च्या नियमांनुसार नव्या बायोमास प्रकल्पाला त्याच 1000 युनिटांसाठी अडीच प्रमाणपत्रं मिळतात, सोलरला एकच. राइस मिलबाहेर पडलेला धानाचा कोंडा हेही बायोमासच की!

पण भाव बघा. सुरुवातीला सोलर प्रमाणपत्राचा किमान भाव 12,000 रुपये होता. 2022 मध्ये किमान भावाची अटच गेली आणि नंतर काही सौद्यांत तो पाचशेच्याही खाली आला. कागद एवढा स्वस्त झाला, तर कंपनी नवं पॅनल कशाला उभारेल? मला तरी या व्यवस्थेची खरी कमजोरी इथेच वाटते.

तुम्हा-आम्हाला हिरवी वीज घेता येते का? येते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये महावितरणच्या ग्राहकांसाठी ग्रीन टॅरिफ मंजूर केलं, तेव्हा युनिटमागे 66 पैसे जास्त. म्हणजे 100 युनिटांना 66 रुपये, दोन प्लेट तर्री-पोह्यांचे पैसे समजा. तुमची तार तीच राहते, फक्त तुमच्या वापराएवढी हिरवी वीज हिशेबात तुमच्या नावावर लागते आणि तसं प्रमाणपत्र मिळतं.

आता छतावरच्या सोलरचं बघू. काकांनी घरावर पॅनल बसवलं, नेट मीटर लावलं, बिल घसरलं. झकास! पण राज्याच्या नेट मीटरिंग नियमांनुसार घरगुती ग्राहकाच्या या विजेचा हिरवेपणा महावितरणच्या कोट्यात मोजला जातो. काकांना बिलातली बचत मिळते, हिरवेपणाचा आकडा जातो कंपनीच्या खात्यात. याबद्दल पॅनल विकणारा सहसा तोंड उघडत नाही.

तेव्हा तुमच्या कॉलेजच्या गेटवर 'ग्रीन कॅम्पस'चा बोर्ड दिसला, तर ऑफिसात जाऊन दोनच गोष्टी विचारा: वीज कुठून घेता, आणि तिचं प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे? ते आधीच दुसऱ्याला विकलं असेल, तर बोर्ड उतरवायला सांगायला हरकत नाही.