सीनियॉरिटीने खुर्ची मिळते, पण मुख्याध्यापक व्हायला शिकवतं कोण?

३१ मे. शाल, श्रीफळ, निरोपाची भाषणं आणि मुख्याध्यापक निवृत्त. (महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख किती जणांची असते, हा वेगळाच विषय.) शाळा पुन्हा उघडते तेव्हा त्या खुर्चीत सगळ्यात ज्येष्ठ सर किंवा बाई असतात. कालपर्यंत दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईंना आता पगारबिलं, पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायसची माहिती आणि संचमान्यता बघायची असते.

हे सगळं नियमानेच होतं. खासगी शाळांसाठीच्या १९८१ च्या नियमावलीनुसार मुख्याध्यापक व्हायला पदवी, बीएड आणि शिकवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो. पात्र शिक्षकांपैकी सर्वात ज्येष्ठ असेल त्याचा हक्क पहिला. हा नियम नसता तर अनेक ठिकाणी संस्थाचालकांच्या भाच्या-पुतण्यांची सोय झाली असती, हेही खरंच. छोट्या प्राथमिक शाळांची गोष्ट आणखी वेगळी. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी स्वतंत्र मुख्याध्यापक १५० पेक्षा जास्त मुलं असतील तरच आहे. बाकी ठिकाणी एखादे गुरुजीच वर्ग सांभाळून 'चार्ज' घेतात.

मग प्रशिक्षण नसतंच का? असतं. दिल्लीच्या 'नीपा' संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र आहे. २०१९ च्या 'निष्ठा' प्रशिक्षणात शिक्षकांसोबत मुख्याध्यापकही होते. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांसाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. पण यातलं बरंचसं खुर्चीत बसल्यानंतरचं.

सिंगापूरमध्ये क्रम उलटा आहे. तिथे निवडलेल्या उपमुख्याध्यापकांना आधी सहा महिने पूर्णवेळ शिकायला पाठवतात, तेही पगार चालू ठेवून. त्यांना दुसऱ्याच एका शाळेशी जोडून देतात आणि १०-१५ वर्षांनंतर ती शाळा कशी असावी, याचा आराखडा करायला लावतात. कंपन्यांचं काम बघायला नेतात, परदेशातल्या शाळा दाखवतात. पंजाब सरकारनेही फेब्रुवारी २०२३ मध्ये ३६ प्राचार्य सिंगापूरला पाठवले होते, पण ते आधीच प्राचार्य होते आणि प्रशिक्षण काही दिवसांचंच होतं.

इंग्लंडने तर २००९ मध्ये नव्या मुख्याध्यापकांसाठी एक खास पात्रता सक्तीची केली होती. २०१२ मध्ये ती सक्ती काढून टाकली.

हिशेब, पोर्टल, रजिस्टर या गोष्टी अनुभवी क्लार्क आठवड्याभरात समजावून सांगतात. खरी अडचण स्टाफरूममध्ये येते. काल ज्या सरांसोबत डबा खाल्ला, आज त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून तास बघायचा आणि 'मुलांना हे कळलं नाही' असं तोंडावर सांगायचं. तेही उद्या बोलणं बंद होणार नाही अशा बेताने. वर्गनिरीक्षण, शिक्षकांची टीम बांधणं, चिडलेल्या पालकांशी बोलणं यासाठी सराव लागतो, चुका सांगणारं कुणीतरी लागतं. परिपत्रक वाचून ते येत नाही. आणि मुख्याध्यापक तास बघायलाच कचरले, तर कच्चं शिकवणं वर्षभर तसंच चालू राहतं.

गंमत म्हणजे यात अचानक काहीच घडत नाही. मुख्याध्यापकांची निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात असते, पुढचा नंबर कुणाचा ते सेवाज्येष्ठता यादीत असतं. मोठ्या शाळांमध्ये मधली पर्यवेक्षक आणि उपमुख्याध्यापक ही पदंही असतात. म्हणजे पुढच्या ३१ मेला खुर्ची कुणाला मिळणार, हे बऱ्याच शाळांच्या शिपायालाही आजच सांगता येईल.