नवचालक आणि मोटारीचा विमा

मोटार चालविण्याचा परवाना हाती पडला की तरुणाच्या मनात पहिला विचार गाडीचा येतो. विम्याचा विचार बहुधा शेवटी येतो. गाडीची किंमत, नोंदणीचे शुल्क व रस्ता कर यांत शिल्लक संपल्यावर. अशा वेळी "सर्वांत स्वस्त विमा कोणता?" एवढाच प्रश्न उरतो. प्रश्न रास्त आहे. पण विम्यात काय घ्यावे लागते, काय घ्यावे आणि काय सोडले तरी चालते, हे समजून घेतल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोमंतकातील अनेक कुटुंबांचे आप्त इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनसारख्या शहरांत, राहतात. तेथे विमा कंपन्या चालकाचे वय व अनुभव पाहून हप्ता ठरवितात आणि अठरा-वीस वर्षांच्या नवचालकास तो फार जड जातो. हे ऐकून येथील काही पालक विमा स्वस्त पडावा म्हणून मुलाची गाडी स्वतःच्या नावावर घेतात. आपल्या देशात याची मुळीच गरज नाही. येथे खासगी मोटारीचा हप्ता मुख्यत्वे गाडीवरून ठरतो. तिचे इंजिन किती घनसेंटिमीटरचे, ती किती वर्षांची, तिची किंमत काय आणि नोंदणी कोठे झाली, या गोष्टी पाहिल्या जातात. दरांच्या जुन्या कोष्टकात मुंबई, पुणे, बंगळुरू, हैदराबाद अशी आठ मोठी शहरे एका विभागात व उरलेला सारा देश दुसऱ्या, किंचित स्वस्त, विभागात घातला होता. गोवा या दुसऱ्या विभागात येतो. म्हणजे तरुण वयाचा दंड आपल्याकडे जवळजवळ नाही, आणि काटकसर करावयाची ती गाडी निवडताना व पुढे विमा सांभाळताना.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्यास झालेल्या हानीच्या भरपाईचा. दुसरा आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १४६ अन्वये पहिला भाग सक्तीचा आहे, दुसरा ऐच्छिक. सक्तीच्या भागाचे दर केंद्र शासन ठरविते व ते सर्व कंपन्यांना सारखेच लागू असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे खासगी मोटारीचा वार्षिक हप्ता १००० घनसेंटिमीटरपर्यंत २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६ रुपये व त्यापुढे ७८९७ रुपये असा ठरला. वस्तू व सेवा कर त्यावर वेगळा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना यात सवलत दिली आहे. हे दर शासन वेळोवेळी बदलू शकते, म्हणून विमा घेताना चालू दर विचारून घ्यावा. एवढे मात्र निश्चित की सक्तीच्या भागासाठी दहा कंपन्यांची दारे ठोठावून काही वाचत नाही. जो कोणी हा भाग "अर्ध्या किमतीत करून देतो" म्हणेल त्याच्यापासून चार हात दूर राहावे. त्याच्या हातातील कागद बनावट असण्याचाच संभव अधिक.

वरील आकड्यांतच पहिली काटकसर दडलेली आहे. पंधराशेच्या वरच्या इंजिनाची गाडी घेणारा तरुण हजाराच्या आतील गाडी घेणाऱ्याच्या पावणेचारपट हप्ता दरवर्षी भरतो, आणि स्वतःच्या नुकसानीचा हप्ताही गाडीच्या किमतीबरोबर चढतो. पहिली गाडी लहान असावी, या वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याला असा हिशेबाचाही आधार आहे. नवी कोरी गाडी घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा व दुचाकीचा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. लहान मोटारीसाठी २०२२ च्या दराने ही रक्कम ६५२१ रुपये होते. ती गाडीच्या खर्चात आधीच धरावी.

आता सक्तीच्या भागाची टाळाटाळ का करू नये, ते पाहू. दंडाची गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. पहिल्या गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, असे कायदा सांगतो. पण खरी जोखीम दंडाची नव्हे. समजा, विमा नसलेल्या गाडीची धडक बसून बावीस वर्षांचा, अविवाहित, महिना पंधरा हजार रुपये मिळविणारा एक कामगार दगावला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीनुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हिशेब असा करील : भावी उत्पन्नवाढीसाठी चाळीस टक्के मिळवून २१ हजार, अविवाहित म्हणून निम्मा वैयक्तिक खर्च वजा करून १० हजार ५००, वर्षाचे १ लाख २६ हजार, आणि या वयाचा गुणक १८. म्हणजे २२ लाख ६८ हजार रुपये, वर अंत्यविधी वगैरेंच्या रकमा व व्याज. विमा असेल तर हा भार कंपनी उचलते, कारण मृत्यू व शारीरिक इजा यांच्या भरपाईस सर्वसाधारण विमापत्रात रकमेची मर्यादा नसते. विमा नसेल तर तो गाडीच्या मालकावर व चालकावर पडतो. न्यायाधिकरणाचा निवाडा वसुलीस गेला की घर, शेत, बागायत सारे त्याच्या कक्षेत येते. अपघातग्रस्त गाडीचा विमा नसेल तर भरपाईची पुरेशी हमी दिल्याखेरीज ती सोडू नये व हमी न मिळाल्यास तिचा लिलाव करावा, असे नियम राज्यांनी करावेत, असेही न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. या साऱ्यापुढे वर्षाचे दोन हजार रुपये म्हणजे दिवसाला सहा रुपयेही नव्हेत.

विमा आहे तेवढ्याने निश्चिंत होता येत नाही, हेही येथे सांगणे प्राप्त आहे. चालकापाशी त्या वर्गाच्या वाहनाचा परवाना नसेल तर न्यायालये पुष्कळदा कंपनीस भरपाई प्रथम देण्यास सांगतात आणि मग ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. दुचाकीच्या परवान्यावर मोटार चालविणारा मुलगा आपल्या बापाला या वसुलीच्या तोंडी देतो. शिकाऊ परवाना मात्र परवानाच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच्या अटी मात्र पाळल्या पाहिजेत : शेजारी पक्का परवाना असलेला शिकविणारा हवा आणि गाडीच्या पुढे-मागे तांबडे 'एल' अक्षर हवे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो व तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकासाठी किंवा मालकासाठी २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड ठेवला आहे, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. उच्च माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी ही तरतूद पालकसभेत वाचून दाखवावी, इतकी ती कमी लोकांस ठाऊक आहे.

बार्देश व सासष्टीच्या किनारपट्टीवर आणखी एक मोह असतो : आपली खासगी गाडी पर्यटकांस भाड्याने देण्याचा. भाड्याच्या परवानाधारक गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीच्या गाडीचे विमापत्र भाड्याच्या वापरासाठी नसतेच. अशा गाडीला अपघात झाल्यास मालकाच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळते आणि त्रयस्थास दिलेली भरपाईही त्याच्याकडून मागू शकते.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग १ जानेवारी २००७ पासून दरांच्या बंधनातून मोकळा झाला आहे. येथे मात्र कंपन्यांची तुलना करून पैसे वाचतात, आणि तीन-चार ठिकाणचे आकडे मागविण्याचा कंटाळा करू नये. तुलना करताना गाडीची विमा-किंमत सर्वांकडे एकच धरली आहे ना, ते पाहावे. काही वेळा ही किंमत पाडून हप्ता स्वस्त दाखविला जातो. गाडी चोरीस गेली म्हणजे ती स्वस्ताई अंगाशी येते. कर्जाऊ गाडीस बँक हा भाग घ्यावयास लावतेच. पण दहा-बारा वर्षांची, थोड्या पैशांत घेतलेली जुनी गाडी असेल तर तो सोडून देण्यात काही चूक नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अशा मालकाने वाचलेल्या पैशांतून गाडीत बसणाऱ्यांसाठी अपघात विमा घ्यावा. केवळ सक्तीच्या विमापत्रात सोबत बसलेल्या मित्रांस भरपाई मिळते की नाही, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले आहेत.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जिला सर्वत्र 'नो क्लेम बोनस' म्हणतात, हे तरुणाचे खरे भांडवल होय. पहिल्या निर्दावा वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के, अशी ती वाढते. ती फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. एका दाव्याने ती शून्यावर येते. म्हणून लहानसहान दुरुस्तीचा दावा करण्यापूर्वी हिशेब मांडावा. समजा, प्लास्टिकचा बंपर तीन हजारांचा आहे. प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घट धरली जाते. उरले दीड हजार. त्यातून सक्तीची कपात, लहान गाडीस एक हजार रुपये, वजा जाते. हाती पाचशे पडतात. मूळ हप्ता आठ हजारांचा असेल आणि मालक ३५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर जाणार असेल, तर या पाचशेपायी पुढील वर्षी ३६०० रुपयांची सवलत जाते. गॅरेजवाला "विम्यात करून टाकू" म्हणतो तेव्हा हा आकडा तो सांगत नाही.

ही सवलत गाडीला नव्हे, विमाधारक व्यक्तीला चिकटलेली असते. गाडी विकली तरी ती आपल्यापाशी राहते व नव्या गाडीस लावता येते. वडिलांच्या नावावर गाडी ठेवण्याचा तोटा येथे दिसतो. मुलगा पाच वर्षे सांभाळून गाडी चालवितो आणि सवलत वडिलांच्या खात्यात साठते. मुलाकडे ती वारसाने, म्हणजे वडिलांच्या निधनानंतरच, येऊ शकते. मालक-चालकासाठी जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तोही नोंदणीकृत मालकालाच लागू होतो. मुलगा दगावला वा अपंग झाला तर त्यातून कुटुंबास काही मिळत नाही. गाडी मुलगाच वापरणार असेल तर ती त्याच्याच नावावर असणे हिताचे. ते शक्य नसेल तर त्याच्यासाठी वेगळे अपघात विमापत्र घ्यावे.

जुनी गाडी घेताना त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातो, तरी चौदा दिवसांच्या आत कंपनीस कळवावे लागते. दुसरा भाग आपोआप जात नाही. बेळगाव वा कोल्हापूरकडून स्वस्तात गाडी आणणाऱ्यांनी ती बारा महिन्यांहून अधिक काळ येथे राहणार असल्यास येथील नोंदणी करून घ्यावी आणि नवा क्रमांक विमापत्रावर चढवून घ्यावा. गाडीस गॅसची टाकी बसविली असेल तर तिचीही नोंद दोन्ही ठिकाणी हवी.

क्वचितच गाडी काढणाऱ्यास उपयोगी अशी एक सोय २०२२ पासून आहे. किती अंतर चालविले यावर स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ठरविणारी जोडपत्रे देण्यास विमा नियामक प्राधिकरणाने त्या वर्षी परवानगी दिली. मडगावात नोकरी करून फक्त शनिवार-रविवारी काणकोणास घरी जाणाऱ्याने ती अवश्य विचारावी.

विमापत्राची मुदत चुकवू नये. हप्ता कंपनीस पोहोचण्यापूर्वी कोणतीही जोखीम सुरू होत नाही आणि मागील तारखेचा विमा निघत नाही. मुदत टळल्यास स्वतःच्या नुकसानीच्या विम्यासाठी गाडीची पुन्हा तपासणी करावी लागते, आणि नव्वद दिवस उलटले तर साठविलेली सवलतही जाते. विमा घेतल्यावर काही दिवसांनी शासनाच्या 'परिवहन' संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकापुढे त्याची नोंद दिसते की नाही ते पाहावे. न दिसल्यास एजंटाकडे नव्हे, थेट कंपनीच्या शाखेत चौकशी करावी.

दाव्याबाबत तक्रार असल्यास प्रथम कंपनीकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. नियामक प्राधिकरणाच्या 'विमा भरोसा' या व्यवस्थेकडे १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जाता येते.  तेथे शुल्क नाही, वकिलाचीही आवश्यकता नाही; विमापत्र, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार व परवान्याची प्रत अर्जासोबत जोडावी.