ग्रीनलंड मोठे की भारत?

सात खंडांची नावे मुले एका दमात म्हणून दाखवतात. पण त्यापुढे थोडे विचारून पाहा. चौथीच्या एका वर्गात आम्ही भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बोट दाखवून विचारले, "ग्रीनलंड मोठे की भारत?" वर्ग हसला. ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट मोठे दिसत होतेच! मग टेबलावरचा पृथ्वीगोल फिरवला. त्यावर भारत मोठा. एका मुलीने विचारले, "मग चुकलंय कोण? नकाशा की गोल?"

घाईत आम्ही "नकाशा बरोबर" असे सांगून मोकळे झालो. उत्तर साफ चुकीचे होते. पुढच्या आठवड्यात ते दुरुस्त करताना जे केले, ते येथे देत आहोत.

सुमारे ३० सें.मी. व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्यावर पतंगाचा पातळ कागद ठेवून मुलांना भारत, ग्रीनलंड आणि आफ्रिका गिरवू द्या. भारताचा कागद गोलावर बराचसा नीट बसतो. आफ्रिकेचा मात्र बसत नाही. कडेला चुण्या पडतात. मुले कुरकुरतात, पण त्यांना घाईने मदत करू नये. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर जसाच्या तसा उतरत नाही, हे त्या चुण्याच सांगतात. संत्र्याची साल टेबलावर दाबून पसरवायला लावली, की ती फाटते; तोच प्रकार. शेवटी मुलांनीच तोडगा काढला: आफ्रिका तीन तुकड्यांत गिरवायची.

आता हे तुकडे कापून आलेखाच्या कागदावर ठेवावेत आणि एक सें.मी.चे चौकोन मोजावेत. अर्ध्याहून जास्त झाकलेला चौकोन पूर्ण धरायचा, कमी झाकलेला सोडायचा. भारताचे साधारण १८ चौकोन भरतात, ग्रीनलंडचे १२ आणि आफ्रिकेचे १६८ च्या आसपास. एक-दोन चौकोन इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. या गोलावर एक चौ. सें.मी. म्हणजे सुमारे १.८ लाख चौ. कि.मी. मोठ्या मुलांनी गुणाकार करून पाहावा. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२.९ लाख चौ. कि.मी. आणि ग्रीनलंडचे सुमारे २१.७ लाख आहे.

मग नकाशा असा का? फ्लँडर्सचा नकाशाकार गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली दर्यावर्दींसाठी एक नकाशा काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून चाललेल्या जहाजाचा मार्ग त्यावर सरळ रेषेत येतो. त्यासाठी किंमत मोजावी लागली. ६० अंशांचे अक्षवृत्त प्रत्यक्षात विषुववृत्ताच्या निम्मे असते, नकाशात मात्र तेवढेच लांब काढतात. म्हणजे तेथील प्रदेश पूर्व-पश्चिम दुप्पट ताणला गेला. आकार बिघडू नये म्हणून उत्तर-दक्षिणही दुप्पट ताणायचा. क्षेत्रफळ झाले चौपट. ग्रीनलंडच्या मध्यावर, ७२ अंशांवर, ते दसपटीच्या वर जाते.

आपल्या शाळेतला नकाशा याच जातीचा आहे का, हे पट्टीने कळते. विषुववृत्त ते ३० अंश आणि ३० ते ६० अंश ही दोन अंतरे मोजा. दुसरे पहिल्याच्या जवळजवळ दीडपट भरले, तर तो मर्केटरचा.

अंटार्क्टिकाची तर दोन्हीकडे आबाळ. या नकाशात ती तळाशी पांढरी पट्टी होते आणि गोलावर दांडीच्या खिळ्याखाली लपते. गोल उलटा धरून दाखवावा. "तिथली माणसं पडत कशी नाहीत?" हा प्रश्न येणारच, त्यासाठी वेगळा तास ठेवा.

आमच्या वर्गातल्या मुलांनी मग भारताचा तुकडा आफ्रिकेवर ठेवून पाहायला सुरुवात केली. तो नऊ वेळा बसला, आणि थोडी आफ्रिका उरली.