सेफ्टी व्हॉल्व्ह : आधी कोणता उडायचा?

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे संच आहेत. अशा संचाच्या बॉयलर ड्रममध्ये वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १८० किलोच्या आसपास असतो. टर्बाइन अचानक ट्रिप झाले की वाफेची वाट बंद होते, पण भट्टीची आच काही लगेच उतरत नाही. दाब चढतो आणि सेफ्टी उडते. तिची गर्जना ऐकून नवखा माणूस दचकतो. प्लांटवरचे लोक मात्र आधी विचारतात, कोणती उडाली?

प्रश्न रास्त आहे. व्हॉल्व्ह ड्रमवर असतात तसे सुपरहीटरच्या तोंडाशीही असतात, आणि सुपरहीटरचा मुद्दाम कमी दाबाला लावलेला असतो. सुपरहीटरच्या नळ्या भट्टीतल्या तप्त वायूंमध्ये असतात. आतून वाहणारी वाफच त्यांना थंड ठेवते. ड्रमवरचा आधी उडाला तर वाफ तिथूनच निघून जाईल आणि पुढच्या नळ्या कोरड्या भाजतील. सुपरहीटरचा आधी उडाला तर वाफ नळ्यांमधूनच बाहेर पडते. त्याच्याही आधी विजेवर चालणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. सेफ्टी वारंवार उडाली की वाफ तिची बैठक कापते आणि मग ती गळतच राहते; म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह हा झीज सोसणारा गडी पुढे ठेवलेला. पण विजेचा भरवसा काय? म्हणून मुख्य राखण स्प्रिंगवाल्या सेफ्टींकडेच असते. बॉयलर आणि सेफ्टी यांच्यामध्ये बंद करता येईल असा कोणताही व्हॉल्व्ह बसवायला मनाई आहे.

या व्हॉल्व्हची जुळणी करण्याला ‘फ्लोटिंग’ म्हणतात. दाब चढवत एकेक व्हॉल्व्ह उडवून पाहायचा. तोवर बाकीचे उडू नयेत म्हणून त्यांच्या दांड्यावर स्क्रूचा गॅग कसायचा. काम झाल्यावर गॅग मोजून परत घ्यायचे. एखादा तसाच राहिला तर व्हॉल्व्ह दिसायला जागेवर, पण कामातून गेलेला.

बल्लारपूरला गणित बदलते. कागद कारखान्याच्या डायजेस्टरमध्ये बांबू आणि लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइडच्या द्रावात सुमारे १६५ ते १७० अंशांना शिजवतात. दाब सात-आठ किलोचा, म्हणजे वीज केंद्रापुढे किरकोळ. पण आत लगदा आहे, तंतू आहेत, चिकट काळा द्राव आहे. स्प्रिंगच्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर हे साचले तर तो वेळेला उघडत नाही, किंवा उघडला तर पुन्हा नीट बसत नाही. पायलट व्हॉल्व्ह इथे आणखी वाईट. स्वच्छ वायूवर तो फार गुणी असतो, ठरलेल्या दाबाच्या अगदी जवळ जाईपर्यंत घट्ट राहतो. पण त्याचा मेंदू एका बारीक नळीत असतो, आणि ती तुंबली की महागडा व्हॉल्व्ह ठोकळाच!

अशा घाणेरड्या द्रवासाठी रप्चर डिस्क बरी. पातळ धातूची चकती, ठरलेल्या दाबाला फाटते. एकदा फाटली की संपली आणि सगळा माल बाहेर, म्हणून ती सेफ्टीच्या खाली बसवून दोन्हींचा मेळ घालतात. इथे एक खोच आहे. चकतीला सुईएवढे भोक पडून चकती आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या पोकळीत दाब साचला, तर चकतीला दोन्ही बाजूंनी सारखाच रेटा बसतो आणि ती ठरल्या दाबाला फाटतच नाही. त्या पोकळीला गेज लावायलाच हवा. खर्च वाचवायला तो गाळणे मला अक्षम्य वाटते.

चंद्रपूरचा उन्हाळा हाही एक ‘दाब’ आहे. डिझेल तेलाची पाइपलाइन दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करून ठेवली आणि मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत उन्हात तापली, तर कोंडलेले तेल फुगायला जागा शोधते. द्रव दबत नाही. एकेका अंशाला दाब काही किलोंनी चढू शकतो. जास्तीचे तेल असते मात्र थोडेसेच. त्यासाठी प्रचंड सेफ्टी नको. पाऊण इंची थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह पुरतो, जो झटकन उडत नाही, हळूहळू उघडतो. तोंड मात्र टाकीकडे वळवलेले हवे.

मूल, सिंदेवाही, देसाईगंजकडच्या भातगिरण्यांत उकड्या तांदळासाठी बॉयलर लागतो, आणि तिथे भाताचे तूस जाळता येते. पाणी जड असेल तर क्षार साचतात आणि व्हॉल्व्ह अडकू शकतो. अशा बॉयलरला हाताने उचलून पाहता येईल असा दांडीचा, साधा स्प्रिंगचा व्हॉल्व्हच योग्य.