एक कोटी अंशांचा पडताळा

ऑगस्ट १९६८. नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी दावा केला, की मॉस्कोतल्या टी-३ या टोकामाकमध्ये, म्हणजे तप्त विद्युतभारित वायू (प्लाझ्मा) चुंबकांनी कोंडणाऱ्या यंत्रात, प्लाझ्माचं तापमान एक कोटी अंशांच्या घरात पोहोचलंय. सूर्याच्या गाभ्यात ते साधारण दीड कोटी असतं! पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. मूठभर सुसाट इलेक्ट्रॉनांनी मोजमाप फसवलं असेल, अशी त्यांची शंका. त्यात शीतयुद्धाचं वातावरण: त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले.

सूर्याला ऊर्जा देणारं अणुसंमीलन पृथ्वीवर घडवण्यासाठीच ही यंत्रं; आणि हे संशोधन मुळात कडीकुलपातलं. १९५५च्या जिनिव्हा अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा यांनी संमीलनाची ऊर्जा वीस वर्षांत काबूत येईल असं भाकीत केलं, तेव्हाही बडी राष्ट्रं आपापले प्रयोग लपवूनच होती. १९५८मध्ये कुलपं निघाली, पण संशय राहिला. आर्त्सिमोविच यांनी त्यावर जे केलं, ते मला फार मोठं वाटतं: त्यांनी ब्रिटनच्या कलहॅम प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनाच बोलावलं. या आणि तुमच्या उपकरणांनी मोजा.

ब्रिटिश पथक काही टन सामान घेऊन मॉस्कोला गेलं. पण मोजायचं कसं? त्या प्लाझ्मात कुठलाही तापमापक टिकणार नाही. म्हणून त्यांनी त्यात माणकाच्या लेझरचा लाल झोत सोडला. तिथले इलेक्ट्रॉन सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत असतात. त्यांच्यावर आदळून प्रकाश विखुरतो, तेव्हा त्याचा रंग किंचित सरकतो. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढ्या सुरात आणि लांब जाणारीची उतरत्या सुरात ऐकू येते, तसाच. काही प्रकाश निळ्याकडे झुकतो, काही लालीत आणखी खोल जातो. रंगाचा हा पसारा जितका रुंद, तितका प्लाझ्मा तापलेला. शिवाय यात एकूण इलेक्ट्रॉनांची गर्दी दिसते, मूठभर सुसाटांना फसवता येत नाही. विखुरलेला प्रकाश मात्र इतका क्षीण, की प्लाझ्माच्या स्वतःच्या झगमगाटातून तो वेचून काढावा लागे!

आकडा आला: एक कोटी अंशांच्या आसपास. रशियन खरं बोलत होते. नोव्हेंबर १९६९मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध छापून आला, त्यावर चार ब्रिटिशांसोबत एका सोव्हिएत शास्त्रज्ञाचं नाव होतं. अमेरिकेत प्रिन्स्टनने आपलं मोठं यंत्र बदलून १९७०मध्ये त्याचा टोकामाक केला.

आज दक्षिण फ्रान्समध्ये उभा राहत असलेला ईटर हा टोकामाकच आहे. त्यात अमेरिका आणि रशिया भागीदार आहेत, आणि २००५पासून भारतही.