विश्लेषण : पायलट व्हायचंय? फी भरण्याआधी शाळेचे उड्डाणतास मोजा

बारावीनंतर कमर्शियल पायलट होण्याचा देशातील खर्च आज साधारण ५० लाख रुपयांच्या आसपास जातो. वर्धा जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांसाठी ही रक्कम म्हणजे विकलेले शेत, गहाण पडलेले घर किंवा वडिलांच्या निवृत्तीची सगळी पुंजी. एवढे पैसे भरूनही दीड वर्षात मिळायला हवा तो परवाना चार-चार वर्षे हाती येत नाही, अशी वेळ अनेकांवर येते. चकचकीत माहितीपत्रक आणि गणवेशातले फोटो पाहून शाळा निवडली की हा धोका वाढतो. मग शाळा पारखायची कशी?

वर्ध्यातील विद्यार्थ्यांपुढे जवळचे पर्याय कोणते?

वर्धा जिल्ह्यात विमानतळ नाही आणि उड्डाण प्रशिक्षण संस्थाही नाही. मात्र वर्ध्याहून रेल्वेने काही तासांत पोहोचता येतील अशा चार ठिकाणांची नावे या क्षेत्रात घेतली जातात. नागपूर फ्लाइंग क्लब हा राज्य शासनाचा जुना क्लब आहे. त्याने चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवरही प्रशिक्षणाचा विस्तार केला. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही संस्था उभी राहिली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. याखेरीज राज्यात धुळे, शिरपूर आणि बारामती ही प्रशिक्षणाची परिचित केंद्रे आहेत.

शहरांमध्ये ‘एव्हिएशन अकॅडमी’ नावाच्या पाट्याही भरपूर दिसतात. त्यातील अनेक ठिकाणी फक्त लेखी परीक्षेचे क्लास चालतात, तर काही ठिकाणी केबिन क्रू किंवा ग्राउंड स्टाफचे अभ्यासक्रम असतात. विमान उडवायला शिकवण्याचा अधिकार फक्त नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने मान्यता दिलेल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेला असतो. अशा संस्थांना एफटीओ म्हणतात. मान्यताप्राप्त एफटीओंची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. संस्थेचे नाव, प्रशिक्षणाचे ठिकाण आणि मान्यतेची मुदत या तिन्ही गोष्टी त्या यादीशी जुळवून पाहाव्यात.

परवान्यासाठी नेमके काय लागते?

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी वय किमान १८ वर्षे आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय लागतात. कला किंवा वाणिज्य शाखेचे अनेक विद्यार्थी हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देतात. हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षेत ७० टक्के गुण आवश्यक असतात. रेडिओवर संवाद साधण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची अट २०० तास उड्डाणाची. यातील १०० तास विमानाची सूत्रे स्वतः सांभाळून झालेले हवेत. त्यात २० तास दूर पल्ल्याच्या उड्डाणाचे, त्यातही ३०० सागरी मैलांची एक फेरी, शिवाय रात्रीचे ५ तास आणि उपकरणांच्या आधारे उड्डाणाचे १० तास धरावे लागतात.

या २०० तासांना मुदतही असते. ते परवान्याचा अर्ज करण्याआधीच्या पाच वर्षांतील असावे लागतात आणि १५ तास शेवटच्या सहा महिन्यांतील हवेत. म्हणजे शाळेने रखडवले तर शेवटच्या टप्प्यात काही उड्डाणे पुन्हा करण्याची आणि त्यांचे पैसे पुन्हा भरण्याची वेळ येऊ शकते.

वैद्यकीय तपासणी फी भरण्याआधीच करून घ्यावी. आधी क्लास टू आणि नंतर क्लास वन अशा दोन तपासण्या असतात. क्लास वन प्रमाणपत्राशिवाय सीपीएल मिळत नाही. चष्मा असला म्हणून संधी जात नाही, पण रंग ओळखण्यातील दोष, हृदयाचे किंवा कानाचे विकार आड येऊ शकतात. ‘आधी प्रवेश घ्या, मेडिकल नंतर बघू’ असे सांगणाऱ्या शाळेत अनामतही भरू नये.

शाळेला पहिला प्रश्न कोणता विचारावा?

‘तुमच्याकडे विमाने किती?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याऐवजी ‘गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याला महिन्याला सरासरी किती तास उडायला मिळाले?’ असे विचारावे. शाळेची विमाने, प्रशिक्षक, दुरुस्ती, धावपट्टी आणि विद्यार्थीसंख्या या सगळ्यांचा हिशेब या एका आकड्यात येतो.

उदाहरणादाखल एक गणित पाहू. समजा, एका शाळेत कागदावर १० विमाने आहेत. त्यातील सात रोज उडण्याच्या स्थितीत असतात. प्रत्येक विमान दिवसाला चार तास आणि महिन्यातील २० दिवस उडते. म्हणजे शाळेकडे महिन्याला ५६० तास आहेत. विद्यार्थी ४० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १४ तास येतात आणि २०० तास साधारण सव्वा वर्षात पूर्ण होतात. त्याच शाळेने १४० विद्यार्थी घेतले, तर वाट्याला चारच तास येतात. तेव्हा २०० तासांना ५० महिने, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ लागतो. विमाने तीच, फी तीच, माहितीपत्रकही तेच. तोवर वसतिगृहाचे भाडे, मेसचा खर्च आणि कर्जाचे व्याज चालूच राहते.

म्हणून चार आकडे लेखी मागावेत : सध्या उडण्याच्या स्थितीतील विमाने, पूर्णवेळ प्रशिक्षक, सध्या शिकणारे विद्यार्थी आणि गेल्या १२ महिन्यांतील एकूण उड्डाणतास. एकूण तासांना विद्यार्थीसंख्येने आणि पुन्हा १२ ने भागले की उत्तर घरबसल्या मिळते. हे आकडे द्यायला टाळाटाळ होत असेल तर तेही एक उत्तरच समजावे.

विमाने असूनही उड्डाणे का थांबतात?

कारणे अनेक आहेत. सुटे भाग वेळेवर न मिळाल्याने विमाने हँगरमध्ये पडून राहतात. प्रशिक्षक सोडून जातात आणि नवे मिळेपर्यंत वेळापत्रक कोलमडते. मान्यतेचे किंवा मुख्य उड्डाण प्रशिक्षकाच्या नेमणुकीचे काम अडले, तर संपूर्ण संस्था ठप्प होऊ शकते. नागपूर फ्लाइंग क्लबची उड्डाणेही मधली काही वर्षे बंद होती. संस्था सरकारी असो वा खासगी, आज ती उडते आहे का, हे पाहावेच लागते.

विदर्भात हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात खालचे ढग आणि पाऊस यांमुळे नवख्या विद्यार्थ्यांची उड्डाणे वारंवार रद्द होतात. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे सरकला की हवा विरळ होते, लहान विमानाच्या इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल कमी पडते. त्यामुळे प्रशिक्षण सकाळच्या वेळात आटोपावे लागते. एखादी शाळा बाराही महिने सारख्याच वेगाने तास देऊ म्हणत असेल, तर मागच्या जुलै-ऑगस्टची नोंद दाखवा म्हणावे.

धावपट्टीवर प्रवासी विमानांची ये-जा असेल तर प्रशिक्षण विमानाला थांबावे लागते. मात्र गजबजलेल्या विमानतळावर नियंत्रण कक्षाशी बोलण्याचा सराव चांगला होतो. रोजची वाट किती पाहावी लागते, हे तिथे शिकणारी मुलेच नेमके सांगतील.

डीजीसीएच्या क्रमवारीतून काय कळते?

डीजीसीएने २०२५ पासून एफटीओंची क्रमवारी सुरू केली. ती वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जाहीर करायची असे ठरले. कामगिरी, कामकाज, सुरक्षितता, नियमपालन आणि विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य या निकषांवर गुण दिले जातात. पहिल्या यादीत ‘ए प्लस प्लस’ आणि ‘ए प्लस’ या वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. १३ संस्थांना ‘ए’, तर २२ संस्थांना ‘बी’ श्रेणी मिळाली.

जाहिरातीत ‘देशातील नंबर वन’ असे लिहिलेले दिसले, तर आधी ही यादी उघडावी. पण फक्त श्रेणीवर निर्णय घेऊ नये. क्रमवारी मागच्या काळाची असते. नंतर विद्यार्थी दुप्पट झाले किंवा प्रशिक्षक सोडून गेले, तर परिस्थिती बदललेली असते.

सुरक्षितता कशी तपासावी?

१८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ भागात कोसळले. त्यात प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघांचाही मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानांना अपघात झाले आणि डीजीसीएने संबंधित संस्थेची उड्डाणे थांबवली. अशी कारवाई झाली की फी भरलेले सगळे विद्यार्थी जमिनीवर अडकतात.

विमान अपघात तपास विभागाचे, म्हणजे एएआयबीचे अहवाल संकेतस्थळावर वाचता येतात. शाळेचे नाव एखाद्या अहवालात आले असेल, तर त्यानंतर शाळेने काय बदलले, हे थेट विचारावे. विमानांची देखभाल कोण करते, वाऱ्याची आणि दृश्यमानतेची कोणती मर्यादा ओलांडली की एकट्या विद्यार्थ्याला उडू देत नाहीत, हेही विचारावे.

‘थोडे तास लॉगबुकात लिहून देऊ’ असा इशारा कोणी दिला तर तिथून उठून यावे. बनावट कागदपत्रांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे २०११ मध्ये देशात उघड झाली आणि परवाने रद्द झाले. न उडालेला तास कागदावर चढवणारा पुढे स्वतःबरोबर प्रवाशांचाही जीव टांगणीला लावतो.

फीचा करार कसा असावा?

संपूर्ण रक्कम एकदम भरू नये, ‘आज भरल्यास पाच लाखांची सूट’ असे सांगितले तरी. शाळा बंद पडली किंवा उड्डाणे थांबली, तर भरलेली रक्कम परत मिळवायला कोर्टकचेऱ्या कराव्या लागतात. हप्ते उडालेल्या तासांशी जोडून घ्यावेत. म्हणजे ठरावीक तास पूर्ण झाले की पुढचा हप्ता.

फीमध्ये काय धरले आहे, हे ओळीने लिहून घ्यावे. दोन इंजिनांच्या विमानाचे तास, सिम्युलेटर, परीक्षांची फी, गणवेश, वसतिगृह, इंधन दरवाढ आणि २०० तासांपुढे लागणारे जादा तास यांचा खर्च अनेकदा नंतर पुढे येतो. दरपत्रकात १८ टक्के जीएसटी वेगळा लावला असेल तर त्याचे कारण विचारावे. डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थांचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करमुक्त असल्याचे सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर स्पष्ट करण्यात आले आहे.

करारात तीन गोष्टी हव्यातच : किती महिन्यांत २०० तास पूर्ण करणार, शाळेच्या कारणाने उशीर झाल्यास काय, आणि मध्येच सोडल्यास उरलेली रक्कम किती दिवसांत परत.

‘शंभर टक्के नोकरी’ या आश्वासनाला कागदावर फारशी किंमत नसते. विमान कंपन्या स्वतःची परीक्षा आणि मुलाखत घेतात. शिवाय एअरबस किंवा बोइंगसारखे विमान उडवण्यासाठी टाइप रेटिंग करावे लागते आणि त्याला आणखी अनेक लाख लागतात. कर्ज काढताना हा खर्च आणि नोकरी लागेपर्यंतचे व्याजही धरावे.

परदेशातील शाळा स्वस्त आणि वेगवान असतात का?

अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशा देशांत हवामान आणि विमानांची संख्या यांमुळे तास लवकर पूर्ण होऊ शकतात. पण भारतात उडायचे असेल तर तो परवाना डीजीसीएकडून इथल्या परवान्यात बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या लेखी परीक्षा आणि तपासणी उड्डाणे द्यावी लागतात. व्हिसा, राहणे आणि हा बदल यांचा खर्च धरल्यावरच तुलना करावी. आधी इथे लेखी परीक्षा पास होऊन मग परदेशी जाणे अनेकांना सोयीचे पडते.

भेटीच्या दिवशी काय करावे?

• प्रवेश मेळाव्याचा दिवस टाळून एखाद्या साध्या कामाच्या दिवशी, सकाळी सातच्या आत पोहोचावे.
• दुपारपर्यंत थांबून किती विमाने उडाली आणि किती हँगरमध्ये उभी राहिली, ते मोजावे.
• उड्डाणांचा रोजचा फलक दाखवायला सांगावे. ठरलेली आणि प्रत्यक्ष झालेली उड्डाणे पाहावीत.
• शाळेने पुढे केलेल्या एक-दोघांवर न थांबता, मेसमध्ये किंवा वसतिगृहात किमान पाच विद्यार्थ्यांशी बोलावे. कधी प्रवेश घेतला आणि आजवर किती तास झाले, एवढेच विचारले तरी पुरते.
• गेल्या वर्षभरात परवाना मिळालेल्या दोघा-तिघांशी फोनवर बोलावे.
• मुख्य उड्डाण प्रशिक्षकांना भेटावे. समुपदेशकाने दिलेली आश्वासने त्यांच्यासमोर पुन्हा वाचून दाखवावीत.
• कराराचा मसुदा घरी आणावा, वकिलाला दाखवावा आणि त्या दिवशी एक रुपयाही भरू नये.

वर्धा आणि सेवाग्राम या स्थानकांवरून गोंदिया, चंद्रपूर, नागपूर आणि बडनेरा या चारही दिशांना गाड्या आहेत. प्रत्येक ठिकाणी एक दिवस दिला, तरी भाडे आणि जेवण धरून काही हजार रुपयांत चारही शाळांचा अंदाज येतो. पन्नास लाखांच्या निर्णयाआधी हा खर्च करणे परवडणारे आहे.