शिकारी बुटांचा कुबट वास

पावसाळ्याच्या मध्यास माळ्यावरची किंवा फडताळांतली जुनी बुटांची जोडी बाहेर काढावी, तों तिच्यावर हिरवट-पांढरी बुरशी धरलेली असावी आणि तिच्या कुबट वासानें सारी खोली भरून जावी, हा अनुभव मुंबई-कोंकणांतील घरांस नवा नाहीं. त्यांतही शिकारीचे बूट असले म्हणजे हा उपद्रव अधिक. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीचा षोक इतिहासजमा झाला. परंतु आजोबा-पणजोबांचे ते जाड कातड्याचे, उंच गळ्याचे बूट कित्येक घरांत जपून ठेवलेले असतात. तशाच बांधणीचे बूट घालून तरुण मंडळी सह्याद्रींतले गड चढतात. अशी जोडी वासामुळें एक तर टाकून दिली जाते, नाहीं तर अत्तर शिंपडून पुन्हां कपाटांत ढकलली जाते. दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या होत. वास हा मूळ रोग नव्हे. कातड्यांत ओलीनें मुक्काम ठोकला आहे याची ती वर्दी होय.

बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेंत सर्वत्र तरंगत असतात. ओल, अन्न आणि कोंडलेली हवा एवढें मिळालें कीं ते रुजतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली तर कातड्यावर बुरशी धरूं लागते, आणि मुंबईंत जुलै-ऑगस्टांत ती बहुधा ८० टक्क्यांच्याही वर असते. अन्नाची तर बुटांत वाणच नाहीं. कातड्यांत मुरलेलें तेल, वरचें पॉलिश, पायाचा घाम, शिवणींत अडकलेली माती, हें सर्व बुरशीला मानवतें. शिवाय बूट जाड व अस्तर लावलेले असल्यामुळें आंत शिरलेली ओल वहाणेंतल्यासारखी चटकन उडून जात नाहीं. पूर्वींचें पुष्कळसें कातडें बाभळीची साल, हिरडा इत्यादि वनस्पतींच्या रसांत कमावलेलें असे; तें क्रोमच्या क्षारांनीं कमावलेल्या कातड्यापेक्षां बुरशीस लवकर बळी पडतें.

बुरशी वाढतांना कांहीं बाष्पशील द्रव्यें बाहेर टाकते. त्यांपैकीं एक अळंब्यांच्या वासाचें अल्कोहोल आहे. म्हणूनच कुबट वासानें पावसाळी रानाची आठवण होते. घामापासून जंतूंनीं बनविलेलीं आंबूस आम्लें त्यांत मिसळतात. हीं द्रव्यें कातड्याच्या तंतूंत व अस्तरांत शिरून बसतात, त्यामुळें वरची बुरशी पुसली तरी वास राहतो. यास्तव उपाय क्रमानेंच केले पाहिजेत: आधीं बुरशी काढणें, मग ओल घालविणें, त्यानंतर वास शोषून घेणें आणि सर्वांत शेवटीं कातड्यास पोषण देणें. हा क्रम चुकला कीं श्रम वायां जातात.

बूट प्रथम घराबाहेर, गच्चींत किंवा अंगणांत न्यावे. घरांत झटकल्यास बीजकण पुस्तकांवर आणि कपड्यांवर जाऊन बसतात. नाकातोंडास फडकें बांधावें. दमेकरी माणसानें हें काम दुसऱ्यावर सोंपवावें. नाड्या व आंतली सुटी तळपट्टी काढावी. नाड्या साबणानें धुवाव्या. तळपट्टी फार खराब झाली असल्यास नवी घालावी, कारण पुष्कळदां वासाचें मूळ तेथेंच असतें. मऊ कोरड्या ब्रशानें शिवणी, जिभेच्या घड्या आणि टांचेचे कोपरे साफ करावे. मग सर्जिकल स्पिरिट व पाणी समभाग मिसळून त्यांत फडकें बुडवावें, घट्ट पिळावें आणि बूट आंतूनबाहेरून पुसावा. स्पिरिटनें रंग उतरण्याचा संभव असतो, म्हणून आधीं झांकल्या जागीं थोडें लावून पाहावें. कपडे पांढरे करण्याचें क्लोरीनचें पाणी मात्र कधींही वापरूं नये. तें बुरशीबरोबर कातड्याचे तंतूही खातें.

यापुढची पायरी वाळविण्याची. आणि बहुतेक बूट येथेंच बिघडतात. घाई होऊन ते चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवले जातात. ओलें कातडें उष्णतेस फार नाजूक असतें. न कमावलेलें ओलें कातडें सुमारें ६० ते ६५ अंश सेल्सियसला आक्रसतें, वनस्पतिरसानें कमावलेलें साधारणपणें ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान. आणि एकदां आक्रसलेलें पूर्ववत् होत नाहीं. म्हणून बुटांत वर्तमानपत्राच्या कागदाचे बोळे सैलसर भरावे, पंख्याखालीं सावलींत ठेवावे आणि ओले झालेले बोळे वरचेवर बदलावे. जाड बुटांस दोनतीन दिवस सहज लागतात.

कातडें कोरडें झाल्यावर वासाकडे वळावें. मलमलीच्या एका पुरचुंडींत खाण्याचा सोडा व दुसरींत लोणारी कोळशाची भरड बांधून दोन्ही प्रत्येक बुटांत रात्रभर ठेवाव्या. सोडा आम्लांस निष्प्रभ करतो आणि कोळसा आपल्या असंख्य छिद्रांत बुरशीचीं बाष्पें धरून ठेवतो. सोडा थेट कातड्यावर पसरूं नये. कमावलेलें कातडें स्वभावतः किंचित् आम्लधर्मी असतें. क्षार त्यास सोसत नाहीं. चारपांच रात्री हा क्रम चालविल्यास वास बराच ओसरतो. इतक्यावरही तो परत आला, तर ओल तळाच्या आंतील थरांत राहिली आहे असें समजून बूट मोच्याकडे द्यावा. तो तळ उकलून नवा थर घालून देतो. मात्र कातडें बोटाखालीं तांबूस भुकटी होऊन गळूं लागलें असेल, तर त्याचा तंतुच मेला आहे. अशी जोडी आठवण म्हणून जपावी, पायांत घालूं नये.

तेलाविषयीं एक गैरसमज रूढ आहे. पावसाळ्यापूर्वीं बुटांस खोबरेल चोपडून ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. परंतु जास्तीचें तेल म्हणजे बुरशीस आयतें जेवण. पूर्ण वाळलेल्या कातड्यास मेणयुक्त पॉलिशचा पातळ हात पुरेसा होतो.

साठवणींतही अशीच दृष्टि हवी. प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळलेला बूट सुरक्षित दिसतो, पण आंतली ओल बाहेर पडूं शकत नाहीं. त्याऐवजीं सुती पिशवी घ्यावी आणि जोडी भिंतीपासून चार बोटें दूर, वारा खेळेल अशी ठेवावी. पूर्वीं कपाटांत विजेचा लहान दिवा जळत ठेवीत. त्याच्या उबेनें हवा कोरडी राही. आजच्या एल्.ई.डी. दिव्यांस ती ऊब नाहीं, तेव्हां त्यांवर भिस्त ठेवूं नये. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात, परंतु ओल पिऊन त्या भरल्या कीं निकामी होतात; त्या वेळेवर बदलाव्या आणि मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत.

दसऱ्यास हत्यारें-अवजारें बाहेर काढून पुसण्याची आपल्याकडे चाल आहे. बुटांनीं मात्र दसऱ्याची वाट पाहूं नये. मृगापासून दर पंधरवड्यास ते एकदां उजेडांत आणावे, आंत हात घालून पाहावा, कोरड्या फडक्यानें पुसावे आणि कागदाचे बोळे बदलावे. या कामास पाव तास लागतो, आणि तेवढ्यानें आजोबांची जोडी नातवाच्या पायांत जाण्याजोगी राहते.